आगरातली भिंत

रत्नागिरीत मला खोली हवी होती आणि मिळत नव्हती. ज्या दारात जाई तिथे आधी जात विचारत, मग नाव, आणि मग खोली कालच कोणाला तरी दिली असे सांगत. मी लांज्याकडच्या कुळवाडी घरातला. घरात माझ्याआधी कोणी शाळेचे तोंड पुरते पाहिलेले नव्हते. फीमाफी आणि एकदोन शिक्षकांची माया यांच्या जोरावर मी कोल्हापुरास बी. ए. झालो, आणि एकोणीसशे तीसच्या पुढेमागे इथल्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. पदवी होती, नोकरी होती, पण वळकटी धर्मशाळेत पडून होती.

मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक जुने घर आहे, तिथले म्हातारे गृहस्थ कोणालाही ठेवून घेतात, असे शाळेच्या शिपायाने सांगितले. 'कोणालाही' या शब्दावर त्याने थोडा जोर दिला होता. मी गेलो. ओटीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ उकिडवे बसून शिडीची निखळलेली पायरी सुंभाने बांधत होते. मान वर न करता त्यांनी विचारले,

"झोपेत घोरता का?"

"नाही," मी म्हणालो. चांगला भाडेकरू दिसावे म्हणून पुढे सांगितले, "माझा कोणाला काही त्रास होणार नाही. मी असलो काय नि नसलो काय, कळणारसुद्धा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मोठ्याने वाचायची सवय?"

"मुलांचे धडे तयार करताना वाचतो कधी कधी."

"मग ठीक आहे. वाचत जा. दार उघडं ठेवून वाचा."

जात त्यांनी विचारलीच नाही. मला वाटले, विसरले असतील. नंतर कळून पुन्हा वळकटी उचलायला नको, म्हणून महिनाभराने मीच सांगितली. ते "बरं" म्हणाले आणि शिडी खांद्यावर टाकून मागच्या माडांच्या आगरात निघून गेले. त्या एका "बरं"चे ऋण मी अजून बाळगून आहे.

खोल्या दोन रिकाम्या होत्या. एक समुद्राच्या अंगाला, चांगली हवेशीर. दुसरी मागची, तिच्या खिडकीतून नुसता सड्याचा, उघड्या कातळाचा काळा-तांबडा चढ दिसे. मी मागची घेतली. का, ते मलाच ठाऊक नव्हते.

"घर डोंगराच्या पायथ्याशी आहे का तुमचं?" अण्णांनी विचारले. सगळे त्यांना अण्णाच म्हणत.

"हो. कसं ओळखलंत?"

"समुद्राची खोली सोडलीत. पाळण्यातून जे दिसत होतं तेच शोधलंत. साळुंकी करते तेच."

मला पक्ष्याशी केलेली तुलना फारशी आवडली नाही. मी नवा पदवीधर होतो.

घर मोठे होते, पण त्याचे घरपण अण्णांनी पद्धतशीर मोडून काढले होते. माजघरात फळ्यांच्या भिंती घालून ओळीने खोल्या पाडल्या होत्या. खोल्यांच्या पुढून लाकडी कठडा लावून एक लांब गॅलरी काढली होती. एका खोलीत शिंपी, त्याची बायको आणि मुले. एकीत कचेरीतले एक कारकून, ते सकाळ-संध्याकाळ बाजाची पेटी वाजवीत आणि त्यांना अजून एकच राग येत होता. टोकाच्या खोलीत एक विधवा काकू खानावळ चालवीत. सुरुवातीचे काही महिने काकू माझे ताट ओटीच्या कडेला वाढीत. मग एकदा नळावरच्या भांडणात मी त्यांची बाजू घेतली, तेव्हापासून ताट आत आले. त्यावर आम्ही दोघांनीही कधी अवाक्षर काढले नाही.

हा नळ म्हणजे एक नवलच होते. मागे विहीर होती, बारमाही, चैत्रातसुद्धा दोन पुरुष पाण्याची. पण अण्णांनी तिच्यावर हाताने हापसायचा पंप बसवला होता, वर लोखंडी टाकी, आणि टाकीला सगळ्यांत मिळून एकच नळ. तो नळही सकाळी थोडाच वेळ सुटे. चावी अण्णांकडे. साहजिकच पहाट फुटली की कळशा, हंडे, शिंप्याची पोरे, पेटीवाले कारकून उघड्या अंगाने, असा सगळा घोळका नळावर जमे.

"अहो कारकून, तुमची बादली सरकवा की जरा. काय पेटी आहे होय तुमची, मांडून बसायला?" काकूंचा आवाज पार वाटेपर्यंत जाई.

"काकू, मी पहाटेपासून उभा आहे."

"उभे असाल. पाणी उभ्याला मिळत नाही, पुढे असेल त्याला मिळतं."

अण्णा ओटीवर खांबाला टेकून हे सगळे ऐकत. इतके तृप्त दिसत की एखाद्याला वाटावे देवळात कीर्तन ऐकताहेत. एखाद्या दिवशी भांडण झाले नाही तर बेचैन होत. "काय हो, आज सगळे एवढे गप्प का? काकूंना बरं नाही का?" असे मला येऊन विचारीत. सुटीत शिंपी बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीस गेला, तर आठवडाभर अण्णांचे जेवणात लक्ष नव्हते.

मी कितीतरी दिवस समजून चाललो होतो की एकटा माणूस, सोबत हवी म्हणून हे करतो आहे. पण सोबत हवी असलेला माणूस लोकांशी बोलतो. अण्णा कोणाशी बोलत नसत. आवाज झाला की पुरे, त्यात स्वतः शिरायचे नाही. संध्याकाळी आम्ही सगळे गॅलरीत गप्पा मारीत बसलो की ते आगरात भिंतीपाशी जाऊन बसत.

त्या भिंतीची हकीकत मला काकूंनी सांगितली. त्या घरातल्या सगळ्यांत जुन्या भाडेकरू.

आगर उताराचे. माड, पोफळी, मध्ये पाण्याचे पाट. या सगळ्याच्या अगदी मधोमध चिऱ्यांची एक भिंत उभी होती. पुरुष-दीड पुरुष उंच आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीएवढी लांब. नुसती भिंत. तिला छप्पर नव्हते, दुसरी बाजू नव्हती, ती कशाला लागूनही नव्हती.

"गवंडी आला मिरकरवाड्याचा," काकू सांगत होत्या. "विचारतो, अण्णा, बाकीच्या तीन भिंती कुठं घेऊ? हे म्हणतात, नकोत. बरं, छप्पर कसलं, कौलारू का गवताचं? म्हणे तेही नको. मग गवंडी म्हणाला, अहो, मग हे बांधायचं काय? तर म्हणाले, भिंत. आणि वर सांगितलंन्, मधले मधले चिरे गाळायचे, मूठ जाईल एवढी भोकं राहिली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी तो गवंडी आपल्या सासऱ्याला घेऊन आला, नुसतं अण्णांना दाखवायला."

"आणि मग?"

"मग काय. साळुंक्या आल्या राहायला. आणि हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले, डोळ्यांत पाणी. मला वाटलं कोण गेलं की काय. म्हणतात, काकू, आल्या हो."

अण्णा मोजणीखात्यात होते. सारा जन्म तंबूत गेला, आज हेदवी तर उद्या देवरुख. तिथे करमणूक काय, तर पाखरे पाहणे. मोजणीदाराची नजर ती, पाखरू पाहिले की ते कुठे बसते, किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून, हे सगळे आपोआप टिपले जाई. आणि एक कोडे त्यांच्या मनात घर करून बसले. साळुंकीला घरट्यासाठी भोक लागते. ते झाडातले चालते, भिंतीतले चालते, कौलाखालचे चालते. मग एखादी साळुंकी समोर माडाची सुरेख ढोली रिकामी असताना ती सोडून लांबच्या पडक्या भिंतीतच का शिरते?

"सगळे म्हणायचे, मर्जी पाखराची," अण्णा मला एकदा म्हणाले. "पाखराला कसली आलीय मर्जी? मास्तर, मर्जी म्हणजे जुनी ओळख. आपल्याला ओळख आठवत नाही, म्हणून तिला मर्जी म्हणतो."

सेवेतून मोकळे झाल्यावर त्यांनी हे कोडे हातात घेतले. त्यांच्या विहिरीच्या चिऱ्यांतल्या खबदाडांत साळुंक्या घरटी करीत, आणि आगरातल्या शेंडा गेलेल्या माडांच्या ढोलीतही करीत. अण्णा शिडी लावून पिल्ले बदलीत. विहिरीतले पिल्लू ढोलीत, ढोलीतले विहिरीत. साळुंकी भोळी, चोच उघडेल त्याच्यात किडा घालते. पिल्लांच्या पायांत ते रेशमाचा सैल दोरा बांधीत. चिऱ्यांत वाढलेल्याला तांबडा, झाडात वाढलेल्याला हिरवा. मग पुढल्या साली, घरटी करायच्या दिवसांत, कोण कुठे शिरते ते पाहायचे. बरेच दोरे सुटून जात, बरीच पाखरे पुन्हा दिसत नसत. पण जी दिसत, त्यांच्यात तांबडा दोरा बहुतेक चिऱ्यांतच आढळे, आईबाप झाडातले असले तरी.

गावात यावरून थट्टा होई. बाजारात कोणी विचारी, "काय अण्णा, तांबडे जास्त का हिरवे?" अण्णा थट्टा न ओळखता सविस्तर उत्तर देत. एकदा कारकुनांचे मामा भाच्यासाठी स्थळ पाहत होते. त्यांनी सहज मत विचारले, तर अण्णा म्हणाले, "मुलगी विहिरीवर वाढली की नळावर, एवढं विचारा. बाकी पत्रिका राहू द्या." एका जोडीने मात्र त्यांना बराच त्रास दिला. मादी तांबड्या दोऱ्याची, नर हिरव्या दोऱ्याचा. दोघे रोज भिंत पाहत, रोज ढोली पाहत, दिवसभर कलकल करीत. शेवटी त्यांनी घरटे केले ते मशिदीपलीकडच्या दिव्याच्या खांबात.

"संसारात असंच होतं," काकू म्हणाल्या. "दोघांनाही नको तिथं राहावं लागतं."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते फार गांभीर्याने ऐकून घेतले.

हे सगळे ते का करतात, हे एका रविवारी सकाळी मला कळले. मी भिंतीपाशी त्यांच्याजवळ बसलो होतो. वरच्या एका भोकातून साळुंकी बाहेर आली, आम्हाला पाहून मान वाकडी केली आणि उडाली. पायात तांबडा दोरा.

"विहिरीतली," अण्णा म्हणाले. "हिला माडात राहायला आणायची म्हटलं असतं तर जन्मात आली नसती. हे आगर सोडून गावातल्या सगळ्या विहिरी हिंडली असती. मी काय केलं? तिची भिंतच उचलून आगरात आणली. आली की नाही?"

"आली."

त्यांनी त्या रिकाम्या भोकाकडे पाहिले. मग म्हणाले, "आमचा बाळही येईल."

त्यांना मुलगा आहे हेच मला माहीत नव्हते. बायको वारली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. अण्णा तंबूत. घरी त्यांचे म्हातारे वडील, तेही लवकरच गेले. मुलाला मामाने मुंबईस नेले, गिरगावात चाळीत. तिथेच तो वाढला, शिकला, सरकारी कचेरीत लागला. अण्णांना वर्षातून एकदा रजा मिळे तेव्हा ते मुंबईस जात, मामाच्या खोलीत पाहुण्यासारखे बसत, मुलगा येऊन नमस्कार करी आणि गॅलरीत पळून जाई.

"सेवेतून सुटल्यावर मी त्याला बोलावलं. आला. हे घर तेव्हा सगळं मोकळं होतं. मी आणि तो. दोन दिवस राहिला. दोन दिवस आपला विहिरीपाशी बसून. ना बाहेर गेला, ना काही बोलला. तिसऱ्या दिवशी बोटीने गेला." अण्णांनी पायाखालची काडी उचलून मोडली. "करमलं नाही त्याला. कसं करमणार? त्याच्या कानाला सवय चाळीची. शेजाऱ्याचा खोकला, नळावरची भांडणं, गॅलरीतून हाका. ते नसलं की माणसाला आपण कुठं तरी टाकून दिल्यासारखं वाटतं."

मी मागे वळून घराकडे पाहिले. गॅलरी, कठडा, टाकी, एकच नळ. कारकुनांची पेटी सुरू झाली होती. शिंप्याचा धाकटा कशासाठी तरी रडत होता. त्या क्षणी मला सगळे उलगडले, मला घोरण्याविषयी का विचारले तेसुद्धा. आम्ही सगळे जण त्या म्हाताऱ्याने मुलासाठी उचलून आणलेले चिरे होतो.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या दिवसापासून मी धडे जरा जास्तच मोठ्याने वाचू लागलो.

पुढच्या चैत्रात अण्णांच्या मुलाचे पत्र आले की रत्नागिरीच्या कचेरीत जागा होते आहे. मागितली तर बदली मिळेल. पण मागण्याआधी एकदा येऊन घर पाहून जातो. अण्णा ते पत्र हातात घेऊन गॅलरीभर फिरले. प्रत्येकाच्या दारात थांबून एकच सांगितले, "बाळ येतोय. कोणी काही बदल करायचा नाही. नेहमीसारखं."

"म्हणजे भांडायचं का?" काकूंनी विचारले.

"नेहमीएवढं."

"पाहुणा असताना मला नाही हो जमणार. लाज वाटते."

"पाहुणा नाही तो, काकू," अण्णा म्हणाले. आवाज असा होता की काकू हळूच म्हणाल्या, "बरं. कारकुनांना सांगून ठेवते बादली पुढे घालायला."

बोट लागली त्या सकाळी मी अण्णांबरोबर बंदरावर गेलो. बोटीवरची माणसे आणणाऱ्या पडावातून उतरून वाळूवर आलेला मुलगा माझ्याच वयाचा, सावळा, बारीक, डोळे थेट अण्णांचे. त्याने वाकून नमस्कार केला. बापलेक दोघेही काय बोलावे या विवंचनेत. शेवटी अण्णा म्हणाले, "बोट लागली का?" म्हणजे समुद्रात उलटी झाली का. तो म्हणाला, "नाही." मग अण्णा पुढे आणि तो मागे, असे आम्ही घरी आलो.

घराने मात्र आपले काम चोख केले. नळ सुटला होता. काकू आणि कारकून यांचे असे जुंपले होते की वाटेवरचे लोक थांबून ऐकत होते. शिंप्याची पोरे गॅलरीतून धावत होती, मशीन खडखडत होते. अण्णा बाजूला सरले आणि त्यांनी मुलाला पुढे होऊ दिले. ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते, भिंतीवर पाखरू उतरते की नाही हे जसे पाहत तसे. ओठ थोडे उघडे, श्वास धरलेला.

मुलगा अंगणात उभा राहिला. गॅलरी पाहिली, फळ्यांच्या खोल्या पाहिल्या. कोणी तरी आपली थट्टा करते आहे असे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर आले आणि गेले. मग तो सरळ घराला वळसा घालून मागे विहिरीकडे गेला. आम्ही मागोमाग.

"रहाट कुठाय?" त्याने विचारले.

विहिरीवर पूर्वी पायरहाट होता. माणसाने फळीवर बसून पायांनी चाक फिरवायचे, लोट्यांची माळ खालून पाणी घेऊन वर येई आणि पन्हळीत ओती.

"काढला," अण्णा उत्साहाने म्हणाले. "पंप घेतला. वर टाकी, टाकीला नळ. तुला नळाची सवय."

"हो," तो म्हणाला.

दुपारी काकूंनी पान वाढले. मुलगा मुकाट्याने जेवत होता. काकूंना गप्प बसवेना. "का हो, घर आवडलं का आमचं? अण्णांनी सगळं तुमच्यासाठी केलंय हो. अगदी मुंबईसारखं."

"हो. मुंबईसारखंच आहे," तो म्हणाला. मग कोणाकडे न पाहता, आमटीत भात कालवत बोलू लागला. बोलायचे ठरवून आला होता असे नाही. निघाले ते निघाले. "गिरगावात मला पहिली किती तरी वर्षं झोप येत नसे. आवाज फार. मग मी तोंडाने रहाटाचा आवाज काढायचो. आधी करकर, मग लोटे उलटे झाले की भळभळ, मग पुन्हा करकर. मामी म्हणायची, पोरगा झोपेत दात खातो. तिनं जंताचं औषधसुद्धा दिलं होतं मला." तो थोडा हसला. "इथं आई मला मांडीवर घेऊन विहिरीपाशी बसायची. आजोबा नाहीतर गडी रहाट फिरवायचा. आईचा चेहरा मला आठवत नाही. रहाट आठवतो. मागच्या खेपेस आलो तेव्हा गडी आगर शिंपत होता, दोन दिवस तेच ऐकत बसलो होतो."

 बाहेर शिंप्याचे मशीन चालले होते, ते एकदाचे थांबले.

"तू चार वर्षांचा होतास," अण्णा म्हणाले.

"हो."

"मी पिल्लं बदलायचो ती डोळे उघडायच्या आत बदलायचो." अण्णा ताटाकडे पाहून सावकाश बोलत होते. "एका वर्षी मला उशीर झाला होता. पिसं फुटल्यावर बदलली. ती सगळी पुढल्या साली गेली ती जुन्याच जागी. वाढली कुठंही असली तरी. मला माहीत होतं हे. मी स्वतः पाहिलेलं आहे."

"अण्णा, नळ चांगला आहे," मुलगा म्हणाला.

तो आणखी एक दिवस राहिला. जाताना बंदरावर मी थोडा पुढे गेलो, बापलेकांना बोलू द्यावे म्हणून. पण वाऱ्याने शब्द आलेच.

"बदलीचं?" अण्णांनी विचारले.

"पाहतो."

"पाहतो म्हणजे?"

"अण्णा, हे सगळं तिथं आहेच की. मग जागा कशाला मागू?" त्यात राग नव्हता. त्याने खरेच विचारल्यासारखे विचारले होते. मग तो वाकून पाया पडला, पडावात चढला, आणि पडाव बोटीकडे जाईपर्यंत हात वर करून उभा राहिला. अण्णांनी हात वर केला नाही. त्यांच्या ते लक्षातच आले नसावे.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. अण्णांनी आम्हाला कोणालाच जा म्हटले नाही. ते स्वतः गावभर हिंडले. काकूंसाठी त्यांनी देवळाजवळ दोन खोल्या पाहिल्या, शिंप्यासाठी बाजारात गाळा. कारकुनांना पेटी वाजवू देणारा घरमालक मिळवायला त्यांना फार शोधावे लागले. माझ्यासाठी शाळेपलीकडे, वरच्या आळीत खोली पाहिली. "खिडकीतून चढ दिसतो," एवढेच म्हणाले. माझी जात तिथे त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, आणि त्यावरून काही बोलणे झाले असेल तर तेही त्यांनी आधीच झेलले होते. मला फक्त वळकटी उचलून न्यायची होती.

काकू निघाल्या त्या सकाळी नळ सुटला होता आणि नळावर कोणी नव्हते. काकूंनी जाऊन तो बंद केला, चावी पदराने पुसली आणि अण्णांच्या हातात दिली. "भांडायला बोलवा हो कधी," म्हणाल्या.

मग सुतार आला. गॅलरी उतरली, फळ्या निघाल्या. रहाटाचे चाक गड्याच्या गोठ्यात सापडले, दाते कुजलेले. त्याला फणसाचे नवे दाते बसवले. माड-पोफळीला पाणी द्यायला पंप होताच. तरी तो काढला. भिंत मात्र तशीच ठेवली, तिच्यात तेव्हा पिल्ले होती.

आषाढात एका सुटीच्या सकाळी मी अण्णांना पाहायला गेलो. पाऊस सारखा कोसळत होता. बोटी केव्हाच बंद झाल्या होत्या, मुंबईहून यायचे तर आता घाटातून मोटारीनेच. वाटेवरून ओढ्यासारखे पाणी वाहत होते. घराच्या वळणावर मी आलो आणि उभा राहिलो. त्या पावसातून रहाटाचा आवाज येत होता.

मागे गेलो. आगरात पाट तुडुंब, माडांच्या आळ्यांत तळी साचलेली. विहीर काठापर्यंत भरली होती, हात घालून पाणी घ्यावे इतकी. आणि अण्णा डोक्यावरून पानांचे इरले घेऊन फळीवर बसून पायांनी रहाट फिरवीत होते. लोटे वर येत, पन्हळीत पाणी ओतीत, ते पाणी भरल्या पाटातून वाहून पुन्हा उताराला लागे.

"अण्णा, या पावसात शिंपणं?"

"शिंपतोय कोण," ते म्हणाले. पाय थांबले नाहीत. "पावसाळ्यात लाकूड फुगतं हो. फिरता ठेवला नाही की आवाज बदलतो. तो बदलायला नको."

मी इरल्याच्या कडेला चिंब उभा. त्यांना धाप लागली होती. "मी फिरवू का थोडा वेळ?"

"नको, तुमचा पाय वेगळा पडेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझाही वेगळाच पडतो, मास्तर. मी कुठं होतो इथं तेव्हा? वडील फिरवायचे. गडी होता तोही आता नाही. त्या वेळी चाल कशी होती ते सांगणारं कोणी उरलं नाही. मी आपला अंदाजाने फिरवतो."

लोटे उलटे झाले, पाणी भळभळले, पुन्हा करकर. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते.

"तुम्ही वाटेने आलात ना आता?" त्यांनी पाय थांबवून विचारले. "कुठवर ऐकू येतो?"

"वळणापर्यंत, अण्णा. चांगला स्पष्ट येतो."

"मोटार थांबते तिथपर्यंत?"

घाटातून येणारी मोटार थांबे ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इतक्या पावसात तिथवर काही ऐकू जाणे शक्य नव्हते, हे साऱ्या जिल्ह्याची मोजणी केलेल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

"जात असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, इरले पुढे ओढून घेतले आणि पाय पुन्हा चाकावर ठेवला.